नाशिकमध्ये बसून आखलेली रोहतांगची वाट

हिमाचलमधील मनालीजवळच्या रोहतांग खिंडीत स्की टूरिंगला जायचे ठरले, तेव्हा आमच्या गटातील सर्वांना सोलंगच्या उतारांवर स्की करण्याचा सराव होता आणि सह्याद्रीतील भटकंती तर प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेली होती. तरीही निव्वळ नियोजनाला आम्ही नाशिकचा सगळा हिवाळा दिला आणि तो द्यावाच लागतो, असे माझे ठाम मत आहे. सह्याद्रीतील एखादी नाळ किंवा सोंड एकदा पायाखालून गेली की पुढच्या वर्षीही ती तशीच भेटते. बर्फाचे तसे नाही. काल निर्धोक असलेला उतार रात्रभरच्या वाऱ्याने आज जीवघेणा होऊ शकतो. त्यामुळे इथे केवळ वाट आखून भागत नाही, तर कोणत्या परिस्थितीत कुठून मागे फिरायचे हे घरीच, डोके शांत असताना, लिहून ठेवावे लागते.

टूरिंगमध्ये चढायला दोरवाट किंवा लिफ्ट नसते. बुटाची टाच मोकळी सोडणाऱ्या बाइंडिंगवर, म्हणजे बूट स्कीला जोडणाऱ्या पकडीवर, स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची केसाळ पट्टी चिकटवून स्वतःच्या पायांनी चढायचे आणि वर पोहोचल्यावर पट्टी काढून, टाच अडकवून उतरायचे. स्किन स्कीच्या मापाने कापताना दोन्ही बाजूंची पोलादी कड साधारण दोन-दोन मिलिमीटर उघडी राहील याची काळजी घ्यावी लागते, कारण टणक बर्फावर तीच कड धरून ठेवते. हे काम आम्ही गंगापूर रोडवरील घराच्या गच्चीत कटर घेऊन सावकाश केले.

सर्वांत जास्त वेळ नकाशाने घेतला आणि तो सत्कारणी लागला. कोरड्या, घट्ट थराचे बहुतेक हिमप्रपात, म्हणजे उतारावरून कोसळणारे बर्फाचे लोट, ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. आमच्याजवळच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा ४० मीटरच्या फरकाने आहेत आणि दर पाचवी रेषा ठळक आहे, म्हणजे दोन ठळक रेषांमध्ये २०० मीटरचा चढ. गणित केले तर ३० अंशांच्या उतारावर त्या दोन रेषा सुमारे ७ मिलिमीटर अंतरावर येतात आणि ४५ अंशांवर ४ मिलिमीटर. साधी पट्टी घेऊन आम्ही खिंडीखालच्या मढी या ठिकाणापासून खिंडीपर्यंतचा भाग तपासला आणि जिथे जिथे अंतर या दोहोंच्या मधले भरले, तिथे लाल पेन्सिल फिरवली. केवळ आपल्या पायाखालचा उतार पाहणे पुरेसे नसते. आपण सपाटीवर असलो तरी वरचा लाल उतार कोसळला तर तो कुठवर येऊन थांबेल, हेही पाहावे लागते. घळींची तोंडे आम्ही याच कारणाने वाटेतून वगळली आणि रुंद, बोथट धारा धरल्या.

मार्च महिना निवडला, कारण दिवस मोठा झालेला असतो आणि बर्फही भरपूर असतो. पण पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येऊन हिमालयात बर्फ पाडणाऱ्या हवामान-प्रणाली, तेव्हाही येतच असतात, आणि मनालीकडून चढताना बरेचसे उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्यामुळे दुपारच्या उन्हाने बर्फ ओला होऊन सुटतो. म्हणून पहाटे निघणे आणि दुपारच्या आत मोठ्या उतारांवरून खाली येणे हे आमच्या कागदावर पहिले कलम होते. निघण्याच्या आधीचे काही आठवडे आम्ही शिमल्याच्या हवामान केंद्राचा अंदाज आणि संरक्षण संशोधन संस्थेच्या चंडीगढच्या केंद्राची हिमप्रपात-सूचना रोज वाचून वहीत टिपली. सूचना विस्तीर्ण प्रदेशासाठी असते, एकेका घळीसाठी नसते. पण किती बर्फ पडला, मग किती दिवस उघडीप मिळाली, याची ओळख त्यातूनच होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गजवळ हिमप्रपातात एका परदेशी स्कीपटूचा मृत्यू झाला होता, ही गोष्ट आम्ही सगळ्यांनी मनात जागी ठेवली.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा संकेत पाठवणारे आणि तो शोधणारे यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि धातूच्या पात्याचे फावडे प्रत्येकाजवळ हवेच. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर वाचण्याची शक्यता मोठी असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. बाहेरची मदत तेवढ्या वेळात येऊच शकत नाही. हा सराव नाशिकमध्येही करता येतो. गंगापूर धरणाच्या काठी पाणी ओसरलेल्या जागेवर आम्ही एक ट्रान्सीव्हर पिशवीत घालून पेंढ्याखाली लपवायचो आणि घड्याळ लावून शोधायचो. शोधणाऱ्याच्या खिशात मोबाइल सुरू असला की यंत्राच्या पडद्यावरचा बाण भलतीकडे वळतो, हे तिथे डोळ्यांनी पाहिले. ४५७ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या ट्रान्सीव्हरपासून फोन शोधताना निदान ५० सेंटिमीटर आणि एरवी २० सेंटिमीटर लांब ठेवायचा, हा नियम मग कुणाला सांगावा लागला नाही.

परदेशी मार्गदर्शनात उपग्रह संदेशयंत्र सोबत ठेवण्याचा सल्ला हमखास असतो. भारतात परवान्याशिवाय ते बाळगणे बेकायदा आहे, त्यामुळे आम्ही तो विचार सोडला आणि माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे, वाट, मुक्काम आणि परतीची वेळ लिहिलेला कागद दिला. दादाने कागद वाचून विचारले, “सहाला फोन आला नाही, तर मी कुठपर्यंत थांबायचं?” आम्ही आठ वाजेपर्यंत असे ठरवले. नाशिकहून ११२ लावला तर फोन महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात जातो, म्हणून मनाली पोलिसांचा आणि आमच्या वाटाड्याच्या घरचा थेट क्रमांकही त्यावर लिहिला.

शरीराची तयारी अंजनेरी आणि ब्रह्मगिरीवर ओझे घेऊन झाली. विरळ हवेची मात्र इथे होत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आणि रोहतांग ३,९७८ मीटरवर असल्यामुळे मनालीत व त्याच्या वर मुक्काम वाढवत जाण्याला पर्याय नव्हता. वेळेचा अंदाज आम्ही एका जुन्या आल्प्सच्या रीतीने काढला: अंतराचे किलोमीटर आणि चढाईचे दर १०० मीटरला एक, अशी बेरीज करून चाराने भागायचे. मढीच्या वरची आमची वाट ५ किलोमीटर आणि चढ सुमारे ७०० मीटर, म्हणजे तीन तास. उंचीमुळे आम्ही चार धरले.

मढीच्या वर निघालो त्या दिवशी आकाश स्वच्छ होते. कलमांत लिहिले होते की स्कीच्या टोकापासून बर्फात भेग पळाली किंवा पायाखाली ‘धप्प’ असा आवाज आला, तर चर्चा न करता उतरायचे. खिंड समोर दिसत असताना एका धारेच्या आडोशाला वाऱ्याने साठवलेल्या बर्फात वाटाड्याच्या स्कीपासून भेग सरळ लांब गेली. तो थांबला, मागे वळून त्याने हात आडवा केला आणि आम्ही स्किन काढायला लागलो. कुणीही वाद घातला नाही, कारण वाद आधीच नाशिकमध्ये घालून झाला होता. उतरताना एकेक जण सुटत होता, बाकीचे सुरक्षित ठिकाणाहून त्याच्यावर नजर ठेवून होते. उन्हाने वरचा जेमतेम बोटभर थर मऊ झालेला असल्याने वळणे सुरेख बसली. फोनची रेंज येताच दादाला कळवले.

पुढच्या मार्चसाठी तोच नकाशा वापरणार आहोत. मढीला दोन दिवस राखीव ठेवायचे आणि त्या धारेला पश्चिमेकडून वळसा घालता येतो का, हे पट्टी लावून पाहायचे, एवढे बदल आत्ताच लिहून ठेवले आहेत.