झाकण बंद करण्यापूर्वी

वडिलांच्या हस्ताक्षरातील अकरा वह्या गेली कित्येक वर्षे कपाटाच्या वरच्या कप्प्यात पडून होत्या. काही पाने शाईने लिहिलेली, काही पेन्सिलीने, मध्येच लाल शाईत केलेल्या दुरुस्त्या, आणि अधूनमधून चिकटवलेली वर्तमानपत्रांची कात्रणे. या वह्यांची संगणकावर प्रत करून ठेवायची, असे ठरवल्यावर मी आधी फोनने वीस-पंचवीस पानांचे फोटो काढून पाहिले. प्रत्येक पानावर माझ्याच हाताची सावली होती, ओळी एका बाजूला उतरत गेलेल्या दिसत होत्या आणि एकाच वहीतील दोन पानांचा कागद दोन वेगळ्या रंगांचा वाटत होता. एखादी पावती कुणाला पाठवायची असेल तर फोन पुरेसा आहे. पण जे काम एकदाच करायचे आणि पुढे पन्नास वर्षे टिकवायचे, त्यासाठी तो पुरत नाही, असे माझे मत झाले. त्यामुळे त्याच कपाटात धूळ खात असलेला जुना सपाट काचेचा, म्हणजे फ्लॅटबेड, स्कॅनर मी खाली काढला.

हा स्कॅनर सीसीडी पद्धतीचा आहे. त्यात कागदावरून परतलेला प्रकाश आरशांवरून वळवून एका भिंगातून संवेदकापर्यंत, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागापर्यंत, नेला जातो. दुसऱ्या, म्हणजे सीआयएस पद्धतीच्या स्कॅनरमध्ये कागदाच्या रुंदीएवढी संवेदकांची पट्टी काचेच्या अगदी खालून सरकते. आपल्याकडील यंत्र कोणत्या जातीचे आहे, हे बहुधा हातात धरूनच कळते. जाड, जड आणि विजेची स्वतंत्र जोडणी असलेले यंत्र बहुतेक वेळा सीसीडी असते. पातळ, हलके आणि यूएसबीच्या एकाच केबलवर चालणारे यंत्र बहुतेक वेळा सीआयएस असते. हा फरक केवळ माहितीपुरता नाही. सीआयएस यंत्राला काचेला घट्ट टेकलेलाच कागद स्पष्ट दिसतो. वहीच्या शिवणीजवळ कागद काचेपासून काही मिलिमीटर उचलला गेला की तेथील अक्षरे धूसर होतात. सीसीडी यंत्र एवढा उंचसखलपणा सहज सांभाळून घेते. सुट्या कागदांसाठी मात्र दोन्हींचे काम सारखेच चांगले होते, आणि त्यासाठी मी तरी जड यंत्राचा हट्ट धरणार नाही.

सीसीडी यंत्राची एक अट मी विसरलो होतो. त्यातील आरशांचा गाडा प्रवासात हलू नये म्हणून बुडाशी किंवा बाजूला एक छोटे कुलूप असते आणि वीज सुरू करण्याआधी ते उघडावे लागते. मी ते न उघडताच बटण दाबले. आतून जी करकर ऐकू आली, तिने माझ्या पोटात गोळा आला. वीज तत्काळ बंद केली, यंत्र अलगद कलते करून कुलूप सरकवले आणि पुन्हा सुरू केले, तेव्हा गाडा निमूटपणे आपल्या जागी गेला. अशी चूक तीन-चारदा झाली असती, तर गाडा ओढणाऱ्या पट्ट्याचे दात कदाचित झिजले असते.

खरा वेळ गेला तो ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकाला यंत्र चालवायला शिकवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये. यंत्र धडधाकट असते, पण नव्या संगणकाला ते ओळखता येत नाही; जुन्या स्कॅनरांचा शेवट बहुधा असाच होतो. स्कॅनर आणि प्रोग्रॅम यांच्यात बोलणे घडवून आणणाऱ्या व्यवस्था मुख्यतः तीन. १९९२ साली आलेली ट्वेन, विंडोजमध्ये २००० सालापासून अंगभूत आलेली डब्ल्यूआयए, आणि लिनक्स या मोफत कार्यप्रणालीवरील सेन. माझ्या स्कॅनरचा ट्वेन ड्रायव्हर ३२ बिटांचा निघाला. असा ड्रायव्हर ६४ बिटांच्या प्रोग्रॅममधून हाक मारली तरी ओ देत नाही, आणि पडद्यावर केवळ ‘स्कॅनर सापडला नाही’ एवढाच संदेश येतो. त्या एका वाक्यापायी मी दोन संध्याकाळी केबल बदलत बसलो. निर्मात्याने नव्या प्रणालीसाठी ड्रायव्हर काढणेच थांबवले होते. अखेर एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घातले आणि सेनने पहिल्याच फटक्यात यंत्र ओळखले. कोणत्या यंत्रांना आधार आहे, याची यादी सेन प्रकल्पाने ठेवलेली आहे. वापरलेला स्कॅनर कुणाकडून घेण्याआधी ती यादी पाहणे शहाणपणाचे. विंडोज सोडायचे नसेल, तर जुन्या यंत्रांसाठी स्वतःचे ड्रायव्हर पुरवणारा व्ह्यूस्कॅनसारखा प्रोग्रॅमही असतो. नव्या, नेटवर्कवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रांना वेगळ्या ड्रायव्हरची गरजच राहिलेली नाही.

केबलविषयी दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. स्कॅनर शक्यतो संगणकाच्या स्वतःच्या यूएसबी खाचेत थेट जोडावा, कारण केबलवरूनच वीज घेणारी यंत्रे हबवर लावली की अर्ध्या पानावर अडखळतात. आणि माहितीपुस्तिकेत ‘आधी ड्रायव्हर, मग केबल’ असे लिहिले असेल, तर तो क्रम पाळावा. उलट केल्यास काही जुन्या यंत्रांना विंडोज भलताच ड्रायव्हर चिकटवते आणि मग तो काढत बसावे लागते.

यंत्र सुरू झाले म्हणजे काम झाले, असे मला तोवर वाटत होते. प्रत्यक्षात स्कॅनचा दर्जा ठरतो तो झाकण बंद करण्याआधी, काचेवर. पुढे प्रोग्रॅममध्ये जे काही करतो, ती बव्हंशी आधीच्या निष्काळजीपणाची डागडुजी असते. काच पुसताना द्रव काचेवर कधीही फवारू नये, कारण तो कडेने आत उतरतो. मायक्रोफायबरचे कापड किंचित ओलसर करून पुसावे आणि लगेच कोरड्या कापडाने हात फिरवावा. झाकणाच्या आतील पांढरा भागही पुसावा, नाहीतर त्यावरील डाग पातळ कागदातून दिसतात.

एवढे करूनही माझ्या प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत केसाएवढी फिकट रेघ येत होती. पिवळट कागदावर ती चटकन डोळ्यात भरे. मी काच चार वेळा पुसली. कागद उलटा फिरवून ठेवला, तर अक्षरे उलटी झाली, पण रेघ जागची हलली नाही. संवेदक गेला, असे समजून मी यंत्र परत कपाटात टाकण्याच्या बेतात होतो. मग विचार केला तेव्हा उलगडा झाला. काचेवर कण असेल तर पानावर ठिपका उमटतो, रेघ उमटत नाही. गाडा जसजसा सरकतो तसतशी लांबत जाणारी रेघ यायची, तर दोष अशा ठिकाणी हवा की ज्याचा परिणाम संपूर्ण प्रवासभर टिकेल. काचेच्या सुरुवातीच्या कडेला, प्लॅस्टिकच्या चौकटीखाली, एक पांढरी पट्टी असते. स्कॅन सुरू करताना यंत्र आधी ती पट्टी पाहते आणि ‘पांढरे म्हणजे एवढे’ असे प्रत्येक बिंदूसाठी ठरवून घेते. पट्टीवर कण बसला असेल, तर त्या जागचा बिंदू यंत्राला मंद वाटतो. तो दोष भरून काढण्यासाठी यंत्र त्याला संपूर्ण पानभर जास्त उजळवते आणि फिकट रेघ तयार होते. वीज काढून, चार स्क्रू सोडवून काचेची चौकट उचलली, तर पट्टीच्या कडेला खरोखरच एक बारीक तंतू चिकटलेला होता. हवा फुंकणाऱ्या रबरी फुग्याने तो उडवला, आरशांना हात लावला नाही, चौकट बसवली आणि रेघ गेली. त्या तंतूचे मला आजही कौतुक वाटते. एवढासा जीव, पण त्याने दोन दिवस घेतले.

यानंतर काचेवर पान ठेवण्याची माझी एक रीत बसली. बाण काढलेल्या कोपऱ्याशी कागद टेकवायचा, परंतु अगदी कडेला भिडवायचा नाही, कारण काही यंत्रांना कडेचे दोन-तीन मिलिमीटर दिसतच नाहीत. आणि पातळ कागदाच्या मागे काळा कागद ठेवायचा. पाठीमागची शाई पुढच्या बाजूला उमटलेली दिसते, ती झाकणाच्या पांढऱ्या रंगामुळे. प्रकाश कागदातून आरपार जाऊन, पांढऱ्यावर आपटून, मागची अक्षरे घेऊन परत येतो. काळा कागद तो प्रकाश गिळतो. पान किंचित काळसर येते, पण मागची अक्षरे जवळजवळ नाहीशी होतात. कोणत्याही प्रोग्रॅमने मला इतका सुंदर परिणाम साधून दिलेला नाही.

रिझोल्यूशन, म्हणजे एका इंचात किती बिंदू टिपायचे (डीपीआय), ते किती ठेवावे, याचा हिशेब एकदा कागदावर मांडला की मोह आवरतो. ए४ आकाराचे पान ३०० डीपीआयवर २४८० गुणिले ३५०८ बिंदूंचे होते; रंगीत असेल तर प्रत्येक बिंदूला तीन बाइट, म्हणजे पानामागे सुमारे २६ मेगाबाइट. ६०० डीपीआयवर हाच आकडा दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे १०४ मेगाबाइट होतो. खोक्यावर ९६०० वगैरे जे आकडे छापलेले असतात, ते पुष्कळदा प्रोग्रॅमने मधले बिंदू अंदाजाने भरून वाढवलेले असतात. माहितीत ‘ऑप्टिकल’ या शब्दापुढे जो आकडा असेल तेवढाच खरा. मी वह्यांसाठी ३०० आणि कात्रणांसाठी ६०० ठरवले. कात्रणांतील छायाचित्रे बारीक ठिपक्यांनी छापलेली असतात आणि त्या ठिपक्यांची स्कॅनरच्या बिंदूंशी गाठ पडली की लाटांसारखी नक्षी उमटते. जास्त रिझोल्यूशनवर घेऊन नंतर आकार कमी केला किंवा छपाईचे ठिपके पुसट करणारा डीस्क्रीनचा पर्याय त्या पानापुरता चालू केला, की ती निवळते.

रंगाच्या बाबतीत मात्र मी कंजुषी करू नये, असेच सांगेन. निव्वळ काळा-पांढरा हा पर्याय प्रत्येक बिंदूला ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देतो. पहिल्या वहीची तीस पाने मी त्यावर घेतली आणि पेन्सिलीच्या निम्म्या ओळी गायब झाल्या. करड्या छटांत पेन्सिल वाचते, पण वडिलांनी कोणती दुरुस्ती लाल शाईने केली होती, हे कळत नाही. ती तीसही पाने पुन्हा रंगीत घेतली. त्याचबरोबर आपोआप उजळपणा ठरवण्याची सोय बंद केली, कारण ती प्रत्येक पान वेगळे ठरवते आणि एकाच वहीची पाने चार वह्यांतून आणल्यासारखी दिसू लागतात.

मूळ प्रती टिफ या दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात ठेवल्या, वाचण्यासाठी त्यांवरूनच पीडीएफ केले. जेपेग प्रत्येक वेळी दुरुस्त करून साठवताना थोडी थोडी झिजते, म्हणून मूळ प्रतीसाठी ती नको. पीडीएफ लहान करण्याच्या पर्यायांकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले होते की काही कार्यालयीन स्कॅन-यंत्रे कागदावरील आकडेच बदलत होती. जेबिग२ ही आकुंचनाची पद्धत एकसारखी दिसणारी चिन्हे एकच मानून एकाच्या जागी दुसरे बसवत होती आणि ६ च्या जागी स्वच्छ, ठसठशीत ८ उमटत होता. धूसर आकडा निदान शंका तरी उत्पन्न करतो.

चित्रावरून मजकूर काढण्याची, म्हणजे ओसीआरची, अपेक्षा हस्ताक्षराच्या बाबतीत मी ठेवली नव्हती, आणि टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमने एका पानाचे जे केले ते पाहून बराच वेळ हसलो. छापील कात्रणांवर मात्र मराठीची निवड केल्यावर त्याने मनापासून काम केले. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल आणि हरवलेले अनुस्वार सोडले, तर शोधण्यापुरता मजकूर हाती आला. सपाट काच आणि सीसीडी संवेदक यांची जोडी रे कर्झवाइल या अमेरिकी संशोधकाच्या १९७६ सालच्या वाचनयंत्रात होती आणि ते यंत्र अंध व्यक्तींना छापील मजकूर वाचून दाखवण्यासाठी बनवले होते, हे लक्षात घेतले तर स्कॅन करणे आणि मजकूर काढणे या दोन कामांचे नाते जुने आहे.

फायलींची नावे वही आणि पान या क्रमाने, आधी शून्ये लावून दिली: ०३-०१७ म्हणजे तिसरी वही, सतरावे पान. शून्ये लावली नाहीत, तर बऱ्याच ठिकाणी दहावे पान दुसऱ्याच्या आधी येऊन बसते. प्रत्येक वही संपली की त्याच दिवशी तिची प्रत दुसऱ्या डिस्कवर गेली.

दहा वह्यांची मिळून ३४० पाने झाली. अकरावी वही जाड पुठ्ठ्याची असून तिची शिवण इतकी घट्ट आहे की ती पूर्ण उघडत नाही. काचेवर दाबली तर कणा तुटेल, हे पहिल्याच पानाला जाणवले. सीसीडी झाले तरी बोटभर खोल घळीतील अक्षरे त्याला दिसणार नाहीत. तिच्यासाठी स्टँडवर कॅमेरा लावून, दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश देऊन, वही अर्धीच उघडी ठेवून एकेक पान टिपावे लागेल. तोवर ११ क्रमांकाचा फोल्डर रिकामा आहे.