नऊ गोळ्यांचा हिशेब

उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून काम करताना गरोदर मातांना रक्तवाढीच्या गोळ्या देणे हे माझे नेहमीचे काम आहे. दीड वर्षाच्या त्या मुलाने खाल्लेल्या गोळ्याही त्याच्या आईच्या हातात मीच दिल्या होत्या.

लाल रंगाची, वरून साखरेचे आवरण असलेली ती गोळी लहान मुलाला खाऊच वाटते. सकाळी अकराच्या सुमारास आई त्याला कडेवर घेऊन धावत आली तेव्हा त्याचे ओठ लाल झाले होते आणि वाटेत तो दोनदा ओकला होता. मागोमाग आजी मिठाच्या पाण्याचा पेला घेऊन आल्या. तो मी आधी त्यांच्या हातातून घेतला, कारण बळेच ओकायला लावले तर ओकारी श्वासनलिकेत जाऊ शकते आणि तेवढे मीठच लहान जिवावर बेतू शकते. १०८ ला फोन करून मी काकाला घरी पिटाळले आणि रिकाम्या पाकिटांसह जमिनीवर सापडेल ती प्रत्येक गोळी आणायला सांगितली.

वीस गोळ्यांपैकी सहा आईने घेतल्या होत्या, तीन पाकिटात होत्या, दोन खाटेखाली सापडल्या. नऊंचा पत्ता नव्हता. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि अंगणवाडीच्या नोंदीप्रमाणे मुलाचे वजन १० किलो, म्हणजे किलोमागे ५४ मिलिग्रॅम. २० च्या पुढे त्रास सुरू होतो, ६० च्या पुढे जिवाला धोका असतो. तो आकडा कागदावर लिहून मी रुग्णवाहिकेत सोबत बसले.

रुग्णालयातल्या एक्स-रेमध्ये पोटातल्या गोळ्या पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसल्या. संध्याकाळी ओकाऱ्या थांबल्या आणि मूल माझ्या ओळखपत्राची दोरी ओढून खेळू लागले, तेव्हा वडील म्हणाले, "सिस्टर, खेळतोय की आता. घरी नेतो." लोहाच्या विषबाधेत हीच वेळ सर्वांत फसवी असते, वरून मूल सावरलेले दिसते आणि आत शोषले गेलेले लोह यकृतावर घाव घालत असते. डॉक्टरांनी आणि मी मिळून त्यांना कसेबसे थांबवले. रात्री मुलाचा श्वास जलद झाला आणि लोहाला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारे डेसफेरीऑक्सामाइन हे औषध शिरेतून सुरू करावे लागले. पहाटे लघवी लालसर झाली, तेव्हा रक्त समजून आई रडू लागली. ते औषधाने बांधून बाहेर काढलेले लोह होते.

पाचव्या दिवशी मूल घरी आले. आईने मात्र धास्तीने गोळ्या बंद केल्या होत्या आणि तिचे हिमोग्लोबिन जेमतेम ९ होते. मी तासभर तिच्याजवळ बसले. शेवटी तिने पत्र्याची ट्रंक उघडली, नवी पाकिटे साड्यांखाली ठेवली आणि किल्ली मंगळसूत्राजवळच्या पिनेला अडकवली.