पोपट पडद्याच्या रॉडवर का बसतो आणि त्याला कुठे बसवावं

पिंजऱ्याचं दार उघडलं की कॉकाटिल असो नाहीतर सन कोनूर (दोन्ही परदेशी पाळीव पोपट), पहिला मुक्काम पडद्याच्या रॉडवर. तिथून फ्रिज, मग दाराची वरची कड, आणि तेवढ्यात कुणीतरी दार ओढतं. उंचावर बसून तो घरच्यांवर हुकूमत गाजवतो असं सांगणारे बरेच भेटतात, त्यात तथ्य नाही. रॉड उंच असतो, तिथून सगळी खोली दिसते आणि त्याची जाडी पंजाच्या मापाची असते, एवढंच. (आपला हिरवा मिठू यात धरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे तो घरात पाळताच येत नाही.)

‘इथे बसू नकोस’ हे पक्ष्याला शिकवता येत नाही, ‘तिथे बस’ हे येतं. म्हणून आधी ‘तिथे’ची सोय.

स्टँड साधारण तुमच्या डोक्याच्या उंचीला, माणसांचा वावर दिसेल असा, आणि भिंतीपासून इतका पुढे की शेपटी घासणार नाही. कॉकाटिलला दीड ते दोन सेंटिमीटर जाडीची फांदी पुरते, कोनूरला दोन ते अडीच, त्यांच्याहून मोठ्या आफ्रिकन ग्रे पोपटाला तीन-चार. पेरूची फांदी उत्तम, साल सोलण्यात पक्षी रमतो. नाशकात एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या छाटणीला द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडतात, आणि ते वेडंवाकडं लाकूड पंजाला छानही असतं. पण बागेतलं लाकूड नको. बोर्डोपासून (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) कीटकनाशकांपर्यंत सगळ्या फवारण्या त्यावर बसलेल्या असतात आणि पोपट साल चावतोच. धुऊन भरवसा येत नाही. कुणाच्या अंगणातला, कधीच न फवारलेला वेल मिळाला तर गोष्ट वेगळी. नवा स्टँड दोन-तीन दिवस पिंजऱ्यासमोर नुसता उभा ठेवा, नाहीतर पक्षी त्यालाच बिचकतो.

स्टँडवर बसायला शिकवायचं ते खाऊ देऊन, आणि तो खाऊ असा हवा की दोन-तीन सेकंदांत संपेल. कोनूरला सोललेल्या सूर्यफुलाच्या बीचा पाव तुकडा, कॉकाटिलला राळ्याच्या कणसाची एक टोच. हंगामात द्राक्ष द्यायचा मोह होतो, पण रसाने चोच चिकट झाली की तो ती फांदीवर घासत बसतो आणि शिकवणीच्या सत्राची लय मोडते. द्राक्ष बक्षीस म्हणून शेवटी, तेही नीट धुऊन, एकाचे सहा-आठ तुकडे करून. सत्र तीन ते पाच मिनिटांचं, दिवसातून दोनदा, जेवणाच्या वाटीआधी. उपाशी ठेवायचं नाही. रोज सकाळी ग्रॅमच्या काट्यावर वजन घ्या आणि ते सलग उतरत असेल तर सत्रं थांबवून पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

टोक मोडलेली बांबूची काडी चोचीपासून दोन बोटांवर धरा. चोच लागली त्याच क्षणी ‘हं’ असा एकच छोटा आवाज, आणि खाऊ. हे जमलं की काडीमागून त्याला स्टँडवर आणा. पाय फांदीवर टेकले की ‘हं’. मग खाऊ मिळेपर्यंतचा वेळ वाढवत न्या: दोन सेकंद, पाच, दहा, तीस. त्यानंतर अंतर: हातभर, मग चार फूट, मग खोलीच्या दुसऱ्या टोकावरून. ‘जागेवर’ हा शब्द तो स्वतःहून तिकडे निघायला लागल्यावरच जोडायचा. आधीपासून घोकत राहिलात तर तो शब्द नुसता गोंगाट होतो.

खरी मेख शब्द कधी उच्चारायचा यात आहे. उडण्याआधी पक्षी अंग आवळतो, पिसं चपटी होतात, गुडघे किंचित वाकतात, नजर रॉडवर खिळते. पुष्कळदा शीटही टाकतो. ‘जागेवर’ म्हणायचं ते या अर्ध्या क्षणात. पंख उघडल्यावर उशीर झालेला असतो.

बहुतेक घरांत गाडी अडते ती पुढे. पक्षी रॉडवर जातो, तुम्ही बोलावता, तो स्टँडवर येतो, खाऊ मिळतो. आठवड्याभरात त्याचा हिशेब पक्का: आधी रॉडवर जायचं, म्हणजे बोलावणं येतं. चूक त्याची नाही, क्रम आपणच शिकवलेला असतो. उपाय असा की न बोलावता स्टँडवर बसलेल्याला सगळ्यात मोठा वाटा द्यायचा, दर काही मिनिटांनी, जाता जाता. रॉडवरून बोलावून आलेल्याला एकच बारीक तुकडा, तोही स्टँडवर थोडा थांबल्यावर. रॉडवर असताना ओरडणं, टॉवेल झटकणं, पाण्याचा फवारा हे सगळं बंद. ओरडा म्हणजे त्याच्या लेखी गप्पाच, आणि टॉवेलने तो हाताला घाबरायला शिकतो.

रॉडवरचा फायदा संपला की सुरुवातीला फेऱ्या उलट वाढतात. तिथेच घरचे हरतात. आजींनी दहातून एकदा जरी फ्रिजवर पोळीचा तुकडा दिला, तरी पक्षी उरलेल्या नऊ वेळा चिवटपणे वाट बघतो. म्हणून नियम सगळ्या घराला एकच. रॉडवर त्याच्याहून जाड, सैल पीव्हीसी पाइप चढवला तर तो पायाखाली फिरतो आणि बसण्यात मजा उरत नाही. मात्र स्टँड तयार असेल तरच, नाहीतर तो ट्यूबलाइटच्या पट्टीवर जाईल.

स्वयंपाकघर, देवघर आणि पंखा या तीन ठिकाणी शिकवणीवर विसंबायचं नाही. बर्नर बंद केल्यावरही बराच वेळ तापलेला असतो, आणि नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याचा धूर पक्ष्याला मारू शकतो. दार नसेल तर जाळीचा पडदा लावा. देवघरात समई, आणि घंटेची चकाकी त्याला ओढते, म्हणून पक्षी बाहेर असताना दिवा नको, उदबत्तीही नको. पंखा बंद केल्यावर पाती पूर्ण थांबेपर्यंत पिंजरा उघडायचा नाही, आणि बटणावर चिकटपट्टी लावायची, कारण बाहेरून घामाघूम आलेला माणूस आधी पंखाच लावतो.