साल्मोनेला स्विच चालू करतो, आणि बंदही

आज संसर्ग झालेल्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघत होते. जिवाणू चिकटला तिथे पेशीचं आवरण उसळून वर आलेलं. त्यानंतरच्या वेळेच्या नमुन्यात तेच आवरण पुन्हा सपाट, आणि जिवाणू आत! वाचलेलं असतं सगळं, तरी डोळ्यांनी दिसलं की अंगावर काटा येतो.

साल्मोनेला हा पोटाचे आजार घडवणारा जिवाणू सुईसारख्या यंत्रणेतून आपली प्रथिनं थेट पेशीत सोडतो. त्यातलं सॉप-ई हे प्रथिन रॅक आणि सीडीसी-४२ ही पेशीचीच स्विचसारखी प्रथिनं चालू करतं. मग पेशीला आकार देणारे ॲक्टिनचे धागे भराभर वाढतात आणि आवरण जिवाणूला आत ओढून घेतं. पुढे एसपीटी-पी नावाचं दुसरं प्रथिन तेच स्विच बंद करतं. दोन्ही आत येतात जवळपास एकाच वेळी. पण पेशीचं प्रोटिअसोम, म्हणजे प्रथिनं तोडणारी तिची यंत्रणा, सॉप-ईला लवकर तोडून टाकतं, एसपीटी-पी मात्र जास्त काळ टिकतं. म्हणजे आधी काय आणि नंतर काय, हे ठरतं पेशीच्याच मोडतोड यंत्रणेवर. मला तरी यापेक्षा सुंदर काही दिसलेलं नाही, आजार घडवणारं असलं तरी.

शिगेला या जुलाब घडवणाऱ्या दुसऱ्या जिवाणूची तऱ्हा जास्त आडदांड. त्याचं ऑस्प-एफ हे प्रथिन एमएपी कायनेज या पेशीतले निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनांवरचा फॉस्फेट, म्हणजे त्यांना चालू ठेवणारी खूण, असा काढतं की तिथे तो परत बसतच नाही. हे २००७ मध्ये कळलं.

उद्या सॉप-ई नसलेले जिवाणू घेऊन हेच बघायचंय. त्याचा भाऊबंद सॉप-ई-२ कितपत भरून काढतो, याची प्रचंड उत्सुकता आहे.