मागच्या कोपऱ्यातली ओल

मी इंग्लंडमध्ये डेव्हनला एका वर्कशॉपमध्ये कॅम्परव्हॅन आणि मोटरहोमची कामं करतो, इंजिनाची नाही, आतल्या राहायच्या भागाची, म्हणजे भिंती, खिडक्या, फर्निचर, पाणी, वायरिंग. बरेच लोक जुनी गाडी घ्यायच्या आधी मला सोबत नेतात आणि विचारतात एकच, ओल आहे पण स्वस्तात मिळतेय, घेऊ का? त्यातली एक केस जरा सविस्तर लिहितोय, कारण आपली बरीच मंडळी आता इकडे जुन्या व्हॅन शोधायला लागलीयत आणि फोटो बघूनच टोकन देऊन मोकळी होतात.

ब्रिस्टलचं मराठी जोडपं होतं, ती नर्स, तो आयटीत. उन्हाळ्यात तिचे आईबाबा येणार होते, त्यांना स्कॉटलंड फिरवायचं, आईंना रोज बाहेरचं जेवण चालत नाही, मग स्वतःचं किचन असलेली गाडीच घेऊया असं ठरलं. गाडी सापडली ती 2002 ची फियाट ड्युकाटो, 2.8 डिझेल, त्यावर कोचबिल्ट बॉडी, म्हणजे चासीवर राहायचा भाग वेगळा बांधलेली, आणि हिच्यात ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग होता. ओकहॅम्पटनच्या पुढे डार्टमूरच्या कडेला एका शेतावर उभी होती. किंमत 9,500 पाउंड, आणि जाहिरातीत सरळ लिहिलेलं की थोडी ओल आहे, रिस्टोर करणाऱ्याला उत्तम.

निघायच्या आधी मी नंबर टाकून सरकारी साइटवर एमओटीची, म्हणजे इथल्या गाडीच्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीची, हिस्ट्री बघितली, ती फुकट असते आणि कोणालाही दिसते. मायलेज दरवर्षी नीट वाढत गेलेलं, ब्रेक पाइपवर गंज अशी एक-दोनदा सूचना, बाकी स्वच्छ. ते दोघं यावरच खूश होते. पण एमओटीवाला ब्रेक, टायर, लाईट, चासीचा गंज हे बघतो, राहायच्या भागाची भिंत आतून कुजलीय का हे बघणं त्याचं कामच नाही, त्यामुळे भिंत पार गेलेली गाडीसुद्धा एमओटी पास होते.

दार उघडलं आणि कुबट वास आला. मी रत्नागिरीकडचा, पावसाच्या बाजूच्या भिंतीला झाप बांधायचं ते का हे लहानपणापासून माहितीय, त्यामुळे तो वास लगेच ओळखतो. पुढच्या पलंगाची गादी उचलली तर खाली काळी बुरशी, कोपऱ्यातला वॉलपेपर पिवळा पडून सुटलेला. ताईंचा चेहरा पडला. मालक, सत्तरीचे शेतकरी गृहस्थ, फार सज्जन माणूस, तेही म्हणाले की हाच तो भाग, म्हणूनच किंमत कमी केलीय.

मी मीटर काढला. याला दोन सुया असतात, त्या लाकडात टोचल्या की लाकूड वीज किती अडवतं त्यावरून ओल टक्क्यांत दाखवतो. आमच्या कामात साधारण असं धरतात, 15 पर्यंत ठीक, 15 ते 20 लक्ष ठेवा, 20 च्या वर शोध घ्या, 30 च्या वर आतलं लाकूड जात असण्याची दाट शक्यता. हे आकडे उगाच नाहीत, लाकूड कुजवणारी बुरशी 20 टक्क्यांच्या खाली जोर धरत नाही. पलंगाखाली 14, 15, एका कोपऱ्यात 17. अंगठ्याने दाबलं, टणक. बोटाने वाजवलं, भरीव आवाज. म्हणजे ती बुरशी बाहेरच्या पाण्याची नव्हतीच, थंड रात्री दोन माणसं तिथे झोपतात, श्वासाची वाफ गार भिंतीवर बसते, गादीखाली हवा खेळत नाही, त्याची ती बुरशी. दिसायला भयंकर, पण पुसून, नवा कागद लावून आणि गादीखाली पट्ट्यांची जाळी टाकून सुटणारं काम.

ताई म्हणाल्या, "म्हणजे दादा, चांगली आहे ना गाडी?"

मी म्हटलं थांबा, मागे जाऊया. कारण आत शिरल्यापासून माझं लक्ष मागच्या भिंतीकडे होतं. बावीस वर्षांच्या गाडीत सगळा वॉलपेपर जुना, फिकट, आणि मागच्या भिंतीचा तेवढा नवा. रंग जवळजवळ जुळलेला, काम पण सफाईदार. मालकांना विचारलं तर म्हणाले, मी घेतली तेव्हापासून असंच आहे, आणि मला ते खरं वाटलं, आजही वाटतं.

दुसऱ्याच्या गाडीत दर्शनी भागात सुया टोचायच्या नाहीत हा आमचा नियम, म्हणून मी मागच्या सीटच्या खालचं कपाट उघडून आडवा झालो आणि आतल्या कोपऱ्यात, जिथे भोक कोणाला दिसणार नाही, तिथे टोचलं. उजवा खालचा कोपरा, 38. अर्धा फूट डावीकडे, 35. वर खिडकीच्या खाली, 31. डावा कोपरा 24. कधी कधी भिंतीत धातूचा पत्रा किंवा फॉइल असेल तर मीटर खोटं बोलतो, म्हणून आकड्यावर थांबायचं नाही, हात लावायचा. अंगठा दाबला तर प्लाय आत गेला आणि आतच राहिला. त्यांच्या मिस्टरांचा हात धरून तिथे ठेवला, काही बोललो नाही.

मग त्यांना बॉडी कशी असते ते समजावलं. बाहेर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, आत तीन मिलिमीटरचा प्लाय, मध्ये थर्मोकोल, आणि सगळ्याला धरून ठेवणारी लाकडी पट्ट्यांची चौकट. ताकद त्या चौकटीत असते. पत्रे जिथे जुळतात तिथे मस्टिक, म्हणजे फट बुजवणारा चिकट लगदा, भरून वरून अॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने मारतात. मस्टिक वर्षानुवर्षं वाळत जातं, तडकतं, पाणी आत शिरतं, स्क्रू गंजतो, आणि पाणी त्या स्क्रूवरूनच थेट लाकडात उतरतं. एकदा आत गेलं की थर्मोकोल आणि पत्र्याच्या मध्ये अडकतं, बाहेर यायला वाटच नाही. आणि ते जिथून शिरलं तिथे दिसत नाही, खाली उतरून सगळ्यात खालच्या पट्टीत साचतं.

बाहेर जाऊन बघितलं तर कारण समोरच होतं. मागे सायकल रॅक, चार ब्रॅकेट भिंतीतून आरपार बोल्ट मारून बसवलेले, दोन सायकली लटकवून हजारो मैल हादरे. वरच्या उजव्या ब्रॅकेटभोवतीचं सीलंट बोटाने सोललं गेलं. कोणीतरी त्यावर बाथरूमचा सिलिकॉन थापला होता, तो तिथे टिकत नाही आणि नंतर त्यावर दुसरं काही चिकटत पण नाही. हे बघून मला खरंच वाईट वाटलं, कारण वेळेवर ते चार बोल्ट काढून ब्युटिल मस्टिक लावून परत बसवले असते तर एका दुपारचं काम होतं.

खाली झोपून चासी बघितली, मागची फ्रेम जस्त चढवलेली, एकदम छान. फ्लोअर दाराजवळ पायाखाली करकरत होता, तोही प्लाय-फोम-प्लायचाच असतो आणि थर सुटले की असा आवाज येतो, भोकं पाडून रेझिन भरून तो पक्का करता येतो, फक्त कोरडा असेल तरच. इथे कोरडा होता. इंजिन थंड असताना पहिल्या झटक्यात सुरू झालं. म्हणजे नव्वद टक्के गाडी चांगली, आणि म्हणूनच निर्णय अवघड.

शेतातल्या बाकावर बसून आम्ही हिशोब केला. मागची आतली भिंत उघडायची, फर्निचर काढायचं, कुजलेल्या पट्ट्या कापायच्या, उरलेलं लाकूड सुकवायचं, नवीन चौकट, थर्मोकोल, प्लाय, आणि बाहेरच्या सगळ्या पट्ट्या काढून नव्याने सील. आमच्या वर्कशॉपच्या दराने नुसती मजुरी पाच हजारांच्या वर. तशीच पण कोरडी गाडी तेव्हा बारा-तेरा हजारांना मिळत होती.

मिस्टर म्हणाले, "दादा, पण मजुरी आम्हीच केली तर? व्हिडिओ बघून शिकतो मी, आणि भाव पाच हजारांवर आणला तर?"

शिकण्याबद्दल मला शंका नव्हती, माणूस जिद्दीचा होता. मी एवढंच विचारलं, गाडी उभी कुठे करणार? तर म्हणाले फ्लॅटखाली रस्त्यावर. मग मी स्पष्ट नाही म्हटलं. उघडलेली भिंत सुकायला आठवडे जातात, ओल जास्त असेल तर महिने, आणि तोवर वर छप्पर, शेजारी डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र, त्याला सतत वीज लागते. ते म्हणाले ताडपत्री टाकू. ताडपत्रीने वरचं पाणी थांबतं पण आतली वाफ कोंडते आणि लाकूड घाम फुटल्यासारखं ओलंच राहतं. ओल्या लाकडावर नवा प्लाय मारला की ते कोणीतरी नवा वॉलपेपर लावून केलं तेच परत केल्यासारखं. शिवाय ब्रिस्टलच्या क्लीन एअर झोनमध्ये अशा जुन्या डिझेलला रोजचे 9 पाउंड, सामान आणायला शहरात शिरलं की तेही आलेच.

ताईंच्या डोळ्यात पाणी आलं, आईबाबांना फोटो पाठवून झालेले. मला सांगताना जड गेलं, पण छप्पर असलेल्या शेडशिवाय ही गाडी कोणत्याच भावात त्यांच्यासाठी नव्हती, फुकट दिली असती तरी नाही.

मालकांनाही मी कोपरा दाखवला. त्यांनी स्वतः दाबून बघितलं, बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले जाहिरात बदलतो. त्यांनी खरंच बदलली, आणि पुढे चार हजारांना ती जवळच्याच एका सुताराने घेतली, ज्याच्याकडे मोठं बार्न आहे. माझे रीडिंग हवेत म्हणून त्याचा फोन आला, ताईंना विचारून मी दिले, आणि भिंत उघडली त्या दिवशी त्याने मला बोलावलं. खालची आडवी पट्टी भिजवलेल्या भाकरीसारखी हातात आली. उजवी उभी पट्टी खिडकीच्या उंचीपर्यंत गेलेली, डावी मात्र वाचली होती, सुकल्यावर ती 13 वर आली आणि त्याने तशीच ठेवली. त्याच्यासाठी हा सौदा योग्यच होता. सायकल रॅक त्याने परत बसवला नाही.

जोडप्याने उन्हाळ्यात भाड्याची गाडी घेऊन स्कॉटलंड केलं. आता ते पत्र्याची पॅनेल व्हॅन शोधतायत, लाकडी चौकट नसलेली. तिथे ओलीपेक्षा गंज बघावा लागतो, सिल म्हणजे दाराखालची पट्टी, व्हील आर्च म्हणजे चाकावरची कमान, खिडक्यांसाठी कापलेल्या कडा. लायसन्सही बघायचंय, दोघांनी इथेच साधं कारचं काढलंय त्यामुळे एकूण वजन 3,500 किलोच्या आत हवं. परवा एक नंबर पाठवलाय त्यांनी, आणि यावेळी फोटोच्या आधी एमओटीची हिस्ट्री पाठवलीय. सिलवर वेल्डिंग दोनदा झालेलं दिसतंय, शनिवारी जाऊन बघणार आहोत.