बादली, विळी आणि लायसन्स

पाळणाघराचं लायसन्स काढायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, मुलांना मी काय शिकवणार ते सगळ्यात आधी विचारतील. म्हणून दोन रात्री जागून वर्षभराचं नियोजन लिहिलं. बडबडगीतं, मातीकाम, पाण्याचे खेळ, दिवाळीला किल्ला. नाशिकला आठ वर्षं बालवाडी घेतलेली असल्यामुळे हात सरसर चालला. ती फाइल अजून तशीच कोरी करकरीत आहे. तपासणीला आलेल्या बाईंनी तिला हातही लावला नाही. त्यांनी पहिल्यांदा उघडलं ते सिंकखालचं कपाट.

आम्ही राहतो फ्रीमाँटला, कॅलिफोर्नियात. नवऱ्याच्या व्हिसामागे बायकोला मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर आले तेव्हा कामाची परवानगी नव्हती. पुढे हातात त्या परवानगीचं ईएडी कार्ड आलं आणि डोक्यात बालवाडीचा किडा पुन्हा वळवळायला लागला. आसपास मराठी, तेलुगू, तमिळ घरं भरपूर, आणि प्रत्येक घरात एकच रड: पाळणाघरात जागा नाही.

आधी मोठं स्वप्न बघितलं, भाड्याची जागा घेऊन रीतसर सेंटर काढायचं. नियम वाचल्यावर ते दोन दिवसांत उतरलं. सेंटरला प्रत्येक मुलामागे आत ३५ चौरस फूट आणि बाहेर अंगणात ७५ चौरस फूट जागा लागते. तीन-चार वर्षांच्या १२ मुलांमागे एक शिक्षिका लागते, आणि त्या शिक्षिकेकडे कॉलेजमधली बालशिक्षणाची १२ युनिट्स, म्हणजे क्रेडिट्स, हवीत. माझं प्रशिक्षण भारतातलं. त्याचं मूल्यमापन करून घ्यायचं, मग कमी पडणारे विषय इथल्या कॉलेजात पुन्हा शिकायचे. आणि आमच्या सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली भाडी! नवरा म्हणाला, "एवढ्या पैशात सांगलीला शाळा बांधू."

दुसरा रस्ता घरातूनच मुलं सांभाळण्याचा होता, फॅमिली चाइल्ड केअरचा. यालाही राज्याचं लायसन्स लागतं, पण पदवी कोणी विचारत नाही. लहान लायसन्सवर सहा मुलं, काही अटी पाळल्या तर आठ. मोठ्या लायसन्सवर बारा, किंवा तशाच अटींवर चौदा, पण मदतनीस हवीच.

सहा मुलं म्हणजे सहाच्या सहा बाहेरची नव्हेत, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. घरातलं स्वतःचं दहा वर्षांखालचं मूलही मोजलं जातं. माझी लेक तेव्हा चार वर्षांची. म्हणजे तिच्याच घरात तिने एक जागा अडवली आणि माझ्या हाती उरल्या पाच. त्या सहांत दोन वर्षांखालची तीनपेक्षा जास्त नकोत. तोवर मी चार आयांना तोंडी "हो" म्हणून बसले होते आणि चौघींची बाळं रांगती होती. एकीला फोन करून नाही म्हणावं लागलं. त्या मैत्रिणीने पुढे सहा महिने मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही.

ऑनलाइन ओरिएंटेशन झालं आणि अर्जांचा गठ्ठा सुरू झाला. इथल्या प्रत्येक फॉर्मचा नंबर एलआयसीने सुरू होतो. एलआयसी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आमचे सांगलीचे विमा एजंट काकाच येतात, त्यामुळे पहिले काही दिवस उगाचच हप्ता चुकल्यासारखं वाटायचं. अर्ज, फौजदारी गुन्ह्यांबद्दलचं निवेदन, आपत्तीच्या वेळची योजना, घराचा नकाशा. लहान लायसन्सची फी मी भरली तेव्हा ७३ डॉलर होती. नकाशा हाताने काढला तरी चालतो, पण मुलं कुठे जाणार आणि कुठे जाणार नाहीत हे त्यात स्पष्ट हवं. "इथे मुलांना बंदी" असं लिहिलेल्या खोलीत नंतर एक जरी मूल दिसलं तरी ते नियमाविरुद्ध. म्हणून आमची झोपायची खोली आणि गॅरेज बंद, बाकी घर मुलांचं, असं सरळ लिहून टाकलं.

घर भाड्याचं होतं. मालकाचा पहिला शब्द "नाही" असाच होता. पण १ जानेवारी २०२० पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे अशा घरगुती बालकेंद्राला घरमालक, सोसायटी किंवा शहर मनाई करू शकत नाही. भाडेकरूने ३० दिवस आधी लेखी कळवायचं, बस्स. सातवं-आठवं मूल घ्यायचं तर मात्र मालकाची सही लागते. मी सहावरच थांबले, सहीच्या वाटेला गेले नाही.

प्रशिक्षण एकूण १६ तासांचं: निम्मं लहान मुलांच्या सीपीआर आणि प्रथमोपचाराचं, निम्मं आरोग्य आणि सुरक्षिततेचं. शिशाच्या विषबाधेबद्दल सांगताना शिकवणाऱ्या बाईंनी पडद्यावर जुना रंग, मातीची भांडी दाखवली आणि त्यानंतर काजळ, कुंकू, पाकिटाशिवाय सुटी आणलेली हळद. वर्गात आम्ही तिघी भारतीय होतो. तिघींनीही एकमेकींकडे बघितलं नाही. माझ्या लेकीच्या बारशाच्या फोटोत कपाळावर, गालावर, तळपायावर, सगळीकडे काजळच काजळ आहे.

बालकांवरच्या अत्याचाराची तक्रार करण्याचं प्रशिक्षण वेगळं, ते दर दोन वर्षांनी. संशय आला की लगेच फोन करायचा आणि ३६ तासांत लेखी अहवाल द्यायचा. जबाबदारी व्यक्तीची असते, नोकरीला ठेवणाऱ्या बाईला सांगून भागत नाही. "दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसा" असं ऐकत वाढलेल्या मला हे पचायला सगळ्यात जड गेलं, आणि सगळ्यात पटलंही.

लायसन्ससाठी क्षयाची चाचणीही लागते, तिचं आधीच सांगून ठेवते. लहानपणी बीसीजी घेतलेल्या आपल्यापैकी कित्येकांच्या हातावर त्वचाचाचणीची गाठ उठते. माझीही उठली, रुपयाएवढी. मग छातीचा एक्स-रे आला. सरळ रक्ताची चाचणी मागून घ्या, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

तर तपासणी. बाई सकाळी दहाला आल्या, हसऱ्या होत्या, चहा घेतला नाही. सिंकखालचं कपाट बघितलं, साबण-फिनाइलला कुलूप होतं. औषधं वर, कुलपात. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दाबून वाजवून घेतला. आग विझवण्याचा सिलिंडर मी हौसेने स्वयंपाकघराला शोभेल असा छोटा आणला होता. त्यावर २ए-१०बीसी ही क्षमतेची खूण हवी, ती नव्हती. पहिला गुण गेला.

दुसरा गेला विळीवर. दाराआड खिळ्याला टांगलेली, चांगली उंचावर. "हे काय आहे?" मी समजावलं, नारळ खवायचं, भाजी चिरायचं. करून दाखव म्हणाल्या. मी पाटावर बसून काकडीच्या दोन चकत्या केल्या. त्या बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिल्या, मग टिपणवहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "कुलपात."

आणि न्हाणीघरात बादली. निम्मी भरलेली, वर तांब्या तरंगत होता. मला त्यात काही वावगं दिसेना. पोहण्याचा तलाव असेल तर पाच फुटी कुंपण हवं, हे पाठ होतं. तलाव आमच्याकडे नव्हता, त्यामुळे तो विषय मी सोडूनच दिला होता. बाईंनी बादलीशेजारी गुडघ्यावर बसून तळवा आडवा धरला आणि रांगत्या बाळाचं डोकं कुठवर येतं ते दाखवलं. तोल पुढे गेला की बाळाला मागे येता येत नाही, दोन-चार इंच पाणीही पुरतं. मी तिथेच बादली उपडी केली. देवघरातली काडेपेटी नंतर माझी मीच उचलली.

दुरुस्त्यांचे फोटो पाठवले आणि लायसन्स आलं.

वर्षभराने मोठ्या लायसन्सला अर्ज करता आला, कारण लहान लायसन्सवरचं एक वर्ष अनुभव म्हणून धरतात. यात अग्निशमन खात्याचीही मंजुरी लागते. खरी परीक्षा मात्र माणसांची. मदतनीस १४ वर्षांची असली तरी चालते, पण मुलं तिच्या एकटीच्या भरवशावर ठेवायची तर १८ पूर्ण हवीत. सज्ञान असेल तर बोटांचे ठसे आणि गुन्हे नोंदींची तपासणी, शिवाय क्षयाची चाचणी, गोवर आणि डांग्या खोकल्याची लस. हे झाल्याशिवाय तिला पहिल्या दिवशी उभंही करता येत नाही.

आणि ती आली नाही तर? बारा मुलांचं लायसन्स त्या दिवशी सहाचं होतं. एका मंगळवारी पावणेसातला माझ्या मदतनीस ताईंचा ताप आल्याचा फोन आला. आठ वाजता दार उघडायचं होतं आणि त्या दिवशी लेकीला धरून दहा मुलं होणार होती. मी कागदावर नावं लिहिली आणि कुणाची आई घरून काम करते, कुणाची हॉस्पिटलात ड्युटी आहे, अशा खुणा करत चार नावं खोडली. चार फोन केले. एक बाबा चिडले, "आज फक्त एक दिवस, कोण बघायला येतंय?" आता एक बदली ताई कायम कागदपत्रांसकट तयार असते. महिन्यातून दोन दिवस काम नसलं तरी बोलावते, म्हणजे मुलांना चेहरा ओळखीचा राहतो.

सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी येणार होत्या. चार पोरं वाढवलेली बाई, म्हटलं बरीच मदत होईल. पण व्हिजिटर व्हिसावर काम करता येत नाही, त्यामुळे मदतनीस म्हणून त्यांची गणती शून्य. घरात राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाचे ठसे मात्र लागतात. म्हणजे मदतीला मोजायचं नाही, तपासणीला मोजायचं.

विमानतळावरून त्यांना आधी नणंदेकडे सॅन रमोनला नेलं. ठसे दिले, नाकारले गेले. पुन्हा दिले, पुन्हा तेच. भाकऱ्या थापून, भांडी घासून, शेतात हात घालून त्यांच्या बोटांवरच्या रेघा पार झिजल्या होत्या. मशीनवाला मुलगा क्रीम लावून, बोट दाबून दमला. "गुन्हा करायला कधी सवडच मिळाली नाही रे बाबा," त्या मराठीतच त्याला म्हणाल्या. दोनदा ठसे उमटले नाहीत की नावावरून तपासणी होते, त्यात आणखी काही आठवडे गेले. तोवर त्या रविवारी मुलं नसताना आमच्याकडे जेवून परत जायच्या.

मंजुरी आली तेव्हा त्यांचे दोन महिने उरले होते. आल्या, बॅग ठेवली, न्हाणीघरात गेल्या आणि बादली काठोकाठ भरून ठेवली. नळाला चोवीस तास पाणी असतं हे मी सांगितलं. "असू दे गं, भरलेली बरी." मग त्या रोज रात्री भरायच्या आणि मी रोज सकाळी साडेसातला, पहिली बेल वाजायच्या आत, झाडांना ओतायचे.