तुम्ही विचारलंत म्हणून: भेटायला जाईन, पण बोलू काय?

परवा परत एकीचा मेसेज आला. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला डॉक्टरांनी सांगितलंय की आता ट्रीटमेंटचा उपयोग नाही, आणि ही तीन आठवडे झाले जाईन जाईन म्हणतेय पण पाय निघत नाहीये, कारण जाऊन बोलायचं काय. आत्या गेल्यापासून हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता नीट लिहूनच काढते.

आत्या शेवटचे पाच महिने आमच्याकडे होती, पुण्यात. स्वादुपिंडाचा कॅन्सर, कळला तेव्हाच लिव्हरपर्यंत गेलेला. तिला सांगायचं नाही असं कोणी बसून ठरवलं नव्हतं, पण येणारा प्रत्येकजण बाहेरच्या खोलीत डोळे पुसायचा आणि आत जाऊन 'काय मग, यंदा मोदक तुमच्याच हातचे हं' म्हणायचा. तिला सगळं माहीत होतं. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई ती, वजनकाट्यावरचे आकडे तिला कळत नव्हते का?

एका रात्री अडीचला तिने हाक मारली. मला वाटलं दुखतंय. तर म्हणे, भिशीचं काय करायचं? तिच्या सोसायटीत बारा जणींची भिशी ती चालवायची, महिन्याला २००० रुपये, आणि दोन सोडती राहिल्या होत्या. मी झोपेत होते, म्हटलं अगं तू बरी झालीस की बघू. ती काही बोलली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. घरात सात माणसं आणि तिला बोलायला एकही नाही, हे मला तेव्हा कळलं, आणि ते अजून लागतं मनाला.

सकाळी भिशीची वही घेऊन तिच्या पलंगावर बसले, म्हटलं सांग. आधी भिशीचं सांगितलं, मग लॉकरचं, मग म्हणाली मला शेवटी आयसीयूत नेऊ नका, नळ्या नकोत, आणि नऊवारी नेसवू नका, मी कधी नेसले नाही. मला रडू आलं तर म्हणाली रड, पण लिहून घे आधी. मग अर्धा कप चहा मागितला.

तर बोलायचं काय याला माझं उत्तर हेच, की त्यांनी काढलेला विषय बंद करू नका. 'असं अभद्र बोलू नये' म्हटलं की ते माणूस परत तो विषय काढत नाही. आपण होऊन मरणाचं काढायला जाऊ नका हेही तितकंच खरं, काहींना ते नकोच असतं, त्यांना मॅचचा स्कोअर हवा असतो. 'रात्री झोप लागते का?', 'आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?' एवढं विचारा आणि गप्प बसा, पुढचं ते ठरवतील. आणि कृपा करून गव्हांकुराचा रस, अमक्या गावचा वैद्य, विल पॉवर हे घेऊन जाऊ नका, आपण पुरेसं लढलो नाही असं वाटतं हो त्यांना.

दुखण्याचं मात्र बोलाच. आत्याला मॉर्फीन, म्हणजे जोरदार दुखण्यावरचं औषध, लिहून दिलं होतं, पण एका नातेवाइकाने सवय लागते, ते एकदम शेवटी देतात असं सांगितल्यावर तिने दहा दिवस गोळी घेतली नाही, आणि ते दहा दिवस मी विसरू शकत नाही. मग पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजारातला त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांनी समजावलं की दुखायची वाट न बघता गोळी दर चार तासांनी घड्याळ लावून घ्यायची, डोस ते ठरवणार, आणि बद्धकोष्ठ होतं म्हणून सोबत पोट साफ व्हायचं औषध घ्यायचंच. तिसऱ्या दिवशी ती उठून खिडकीत बसली. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध मिळवणं फार अवघड होऊन बसलं होतं, २०१४ साली कायदा बदलला तरी लोकांच्या मनातली भीती आहे तशीच आहे. अशी काळजी घेणारं मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्ला कंपनीचं सेंटर १९९७ पासून, तिथे कॅन्सरच्या पेशंटला मोफत ठेवतात, तरी 'तिथे नेलं म्हणजे हात टेकले' असं म्हणणारे घरोघरी आहेत. ही माहिती घरच्यांना बाजूला घेऊन शांतपणे सांगितलीत तर मोठं काम होईल.

खाण्यावरूनही असंच. दोन घास खा, माझ्यासाठी खा, असं आम्ही तिच्या मागे लागायचो. शेवटी शेवटी शरीरच अन्न मागत नाही, जबरदस्तीने भरवलं तर ठसका लागून फुप्फुसात जाऊ शकतं, हे कळल्यावर थांबलो. मग ओल्या कापसाने ओठ पुसायचे, एवढंच.

राहिलेल्या दोनातली एक सोडत आमच्याकडेच झाली. बाराजणी... म्हणजे अकराजणी तिच्या खोलीत दाटीवाटीने बसल्या आणि चिठ्ठी आत्याने उचलली, हात थरथरत होता पण नाव तिनेच वाचलं. दुसरी सोडत ती गेल्यावर तिच्या शेजारच्या काकूंनी काढली, हिशेब पैशाला पैसा जुळला.

जिचा मेसेज आला होता तिला मी एवढंच लिहिलं की तू शनिवारी सकाळी जा, संध्याकाळपर्यंत पेशंट दमून जातो. चहा करू देऊ नकोस. तिचा नवरा रात्र रात्र जागत असणार, त्याला म्हण मी बसते दोन तास, तू झोप. आणि निघताना 'काही लागलं तर सांगा' म्हणू नकोस, कोणी सांगत नाही, पुढच्या शनिवारी परत येते असं सांगून ये.